अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर होते, ठरते केव्हा?

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके अर्ध्या तासाच्या आत मागे टाकते. दारात उभ्या असलेल्या प्रवाशाला एक शहर कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे नेमके सांगता येणार नाही. माणसे तीच, कामावर जाण्याची घाई तीच, पावसाळ्यात रुळांशेजारी साचणारे पाणीही तेच. पण या एवढ्याशा पट्ट्यातील सार्वजनिक पैसा मात्र चार निरनिराळ्या वह्यांत लिहिला जातो. उल्हासनगर महानगरपालिकेची एक वही, अंबरनाथ नगरपरिषदेची दुसरी, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची तिसरी. आणि शहरांची हद्द ओलांडून अंबरनाथ तालुक्याच्या गावांत व पाड्यांत शिरले की ठाणे जिल्हा परिषदेची चौथी.

या चारही वह्या दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होतात. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ठरावीक साच्याची बातमी येते: इतक्या कोटींचे अंदाजपत्रक, इतक्या लाखांची शिल्लक, करवाढ नाही. वाचक पान उलटतो. कार्यकर्ताही बहुधा उलटतोच. मग मे महिन्यात नळ कोरडे पडतात, हंडे घेऊन स्त्रिया कचेरीवर जातात, अधिकारी निवेदन स्वीकारतात आणि शांतपणे सांगतात की, मागणी रास्त आहे, परंतु यंदाच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही. मोर्चा परततो. त्या मोर्चात चूक काही नसते. चुकलेला असतो तो महिना. जी मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कागदावर चढायला हवी होती, ती मे महिन्यात दारावर धडकलेली असते.

अंदाजपत्रक मंजूर होते मार्चमध्ये. पण ते ठरते त्याच्या कितीतरी आधी, अशा खोल्यांत आणि अशा महिन्यांत, जेथे ज्यांचा पैसा आहे त्यांच्यापैकी कोणीही नसते. स्थानिक लोकशाहीचा खरा प्रश्न येथे आहे.

चार वह्या, तीन कायदे

जिल्हा परिषदेपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्राने १९६१ साली जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम केला आणि १ मे १९६२ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. बळवंतराय मेहता समितीने १९५७ साली गटपातळीला महत्त्व दिले होते. महाराष्ट्राने जिल्हा हा प्रमुख स्तर मानला. शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, लघुपाटबंधारे, ग्रामीण रस्ते ही कामे जिल्ह्याच्या निवडलेल्या सभेकडे सोपवली. त्या काळी देशात हा धाडसी प्रयोग समजला गेला, आणि तो तसा होताही.

या सभेचे अंदाजपत्रक कसे तयार होते? प्रत्येक खातेप्रमुख आपल्या खात्याची मागणी मांडतो. पंचायत समित्या आपापल्या गटाचे अंदाज पाठवतात. मुख्य लेखा व वित्त अधिकारी त्यांची जुळवाजुळव करतो. मग तो कागद वित्त समितीपुढे येतो, आणि वित्त समितीचे सभापती तो सर्वसाधारण सभेत मांडतात. २७ मार्चपूर्वी सभेने मंजुरी द्यायची, असा दंडक आहे. ग्रामपंचायतींची अंदाजपत्रके वेगळी असतात आणि त्यांना निदान ग्रामसभेचे दार आहे. ते दार पुष्कळदा लोटलेले असते हे खरे, पण कायद्याने ते आहे.

नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. तेथे मुख्याधिकारी अंदाज तयार करतात, स्थायी समिती तो पाहते, आणि फेब्रुवारीअखेर खास सभेत तो मंजूर व्हावा लागतो. महानगरपालिकेचा मूळ कायदा १९४९ चा. तेथे आयुक्त अंदाज स्थायी समितीपुढे ठेवतात, करांचे दर २० फेब्रुवारीपूर्वी ठरवावे लागतात आणि मार्च संपण्यापूर्वी महासभेने अंतिम मान्यता द्यायची असते. दराचा निर्णय आधी आणि खर्चाचा नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मार्चच्या सभेत कितीही आवेशाने भाषणे झाली, तरी पुढील वर्षी किती कर गोळा करायचा हे तोवर ठरून गेलेले असते.

शहरांत ग्रामसभेसारखे काही नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर होते, अंबरनाथ अडीच लाखांच्या आसपास आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या घरात. म्हणजे हे बंधन त्या मोजणीनुसार एकाच शहराला लागू झाले. २००९ साली महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात घातली. मतदान केंद्राच्या आसपासच्या नागरिकांनी एकत्र बसून आपल्या भागाच्या कामांविषयी बोलावे, अशी ती कल्पना. कायद्याच्या पुस्तकात ती आहे. वस्तीत ती कोणी पाहिल्याचे क्वचितच ऐकू येते.

या चार वह्यांच्या वर आणखी एक वही आहे, जिल्हा वार्षिक योजनेची. घटनेने जिल्हा नियोजन समिती सांगितली. महाराष्ट्राने १९९८ साली तिचा कायदा केला. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरसंस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे, ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात. गावाची आणि शहराची गरज एका पटलावर मांडून जिल्ह्याची एकसंध योजना व्हावी, हा घटनाकारांनी दुरुस्तीत धरलेला हेतू उदात्त आहे. व्यवहारात अध्यक्षस्थानी पालकमंत्री असतात, निधीची कमाल मर्यादा मंत्रालयातून येते, आणि बैठकीचा बराच वेळ आमदार-खासदारांच्या कामांच्या याद्यांत जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर उरलेला ठाणे जिल्हा बहुतांशी नागरी झाला. साहजिकच या समितीत शहापूर-मुरबाडच्या आवाजाचे वजन आणखी घटले. ज्या शहापूर तालुक्यातील धरणांचे पाणी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जिल्ह्याच्या सरासरी उत्पन्नात हे पाडे दिसत नाहीत. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली विकासाचा अनुशेष जिल्हावार मोजला, ते मोलाचे काम होते. पण ठाण्यासारख्या जिल्ह्यात सरासरी हाच सर्वांत मोठा पडदा ठरतो. एका टोकाला गगनचुंबी इमारती आणि दुसऱ्या टोकाला कातकरी वाडी असेल, तर दोहोंची बेरीज करून दोनाने भागल्याने वाडीची तहान भागत नाही.

मोकळा हात किती?

सभेला अधिकार आहे असे म्हणताना, कशावर अधिकार आहे हे विचारले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या हातून जाणाऱ्या पैशाचा फार मोठा भाग राज्य सरकारच्या हस्तांतरित व अभिकरण योजनांचा असतो. शिक्षकांचे पगार, आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार, ठरावीक योजनांची अनुदाने. यातील रुपयाही सभेला इकडचा तिकडे करता येत नाही. ती केवळ वाहिनी असते. सभेचे स्वतःचे म्हणावे असे उरते ते स्वनिधी, ज्याला कार्यकर्ते ‘सेस’ म्हणतात. जमीन महसुलावरील उपकर आणि मालमत्तांच्या खरेदी-विक्रीवरील मुद्रांक शुल्कातील वाटा हे त्याचे प्रमुख स्रोत. म्हणजे ठाण्यासारख्या जिल्ह्यात ग्रामीण संस्थेची मिळकत शेतीवर नव्हे, तर जमिनी विकल्या जाण्यावर अवलंबून राहते. आणि त्या विकल्या जाऊन गाव शहराच्या हद्दीत गेले की तो स्रोतही आटतो. आपल्या उत्पन्नासाठी आपल्याच क्षेत्राच्या आकुंचनाची वाट पाहणारी संस्था, असे तिचे चमत्कारिक अर्थशास्त्र आहे.

त्या स्वनिधीतूनही २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. ही बंधने योग्यच आहेत; ती चळवळींनी मिळवलेली आहेत. पण राखून ठेवणे आणि खर्च करणे यांत अंतर आहे. वर्षभर निर्णय न होता फेब्रुवारीत शिलाई यंत्रे वा सायकली यांची घाईघाईने खरेदी होणे, किंवा निधी अखर्चित राहून पुढल्या वर्षी ओढला जाणे, हा अनुभव कोणत्याही तालुक्यातील कार्यकर्त्याला नवा नाही. नगरसंस्थांतही दुर्बल घटक, महिला-बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी अशीच राखीव तरतूद असते आणि तिची कथाही फारशी निराळी नसते.

शहरांकडे वळावे तर तेथे हात बांधण्याची रीत वेगळी. जकात हा स्थानिक संस्थांचा स्वतःचा, रोज हाती पडणारा कर होता. तो सदोष होता, नाक्यांवरचा भ्रष्टाचार कुप्रसिद्ध होता. परंतु तो गावाचा होता. नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली आणि तिच्या जागी सरकारचे सहायक अनुदान आले. महानगरपालिकांत जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर त्याची जागा भरपाईने घेतली. भरपाई दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. पण कर आणि भरपाई यांत मूलभूत फरक आहे: कर ज्याच्या हाती तो निर्णय करतो, भरपाई ज्याच्या हाती तो वाट पाहतो.

उरला मालमत्ता कर. उल्हासनगरचा पाया ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते घातला गेला तेव्हा तेथे होत्या लष्करी छावणीच्या बराकी आणि फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे. त्या माणसांनी आपल्या कष्टाने बाजारपेठ उभी केली. फर्निचरपासून जीन्सपर्यंत नाना उद्योग घराघरांत चालवले. आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प’ आणि ‘बराक’ हे शब्द येतात. पण जेथे जमिनीची मालकी, बांधकामाची परवानगी आणि वापर या तिन्ही गोष्टी वर्षानुवर्षे गुंतलेल्या आहेत, तेथे करआकारणी सरळ कशी राहणार? थकबाकी साचते, मग दंडमाफीची अभय योजना येते, आणि ती एकदाच येत नाही. नियमाने कर भरणारा छोटा दुकानदार प्रत्येक अभय योजनेनंतर स्वतःला थोडा अधिक मूर्ख समजू लागतो. जी संस्था मोठ्या थकबाकीदारापुढे नमते, ती पुढच्या अंदाजपत्रकात पाणीपट्टीच्या रूपाने वसुलीसाठी झोपडीकडे वळते. हे एका शहराचे नव्हे, सर्वत्रचे सूत्र आहे.

अंबरनाथची अडचण वेगळी. तेथे शस्त्रास्त्र निर्मितीचा सरकारी कारखाना आणि त्याची वसाहत आहे. केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही, केवळ सेवाशुल्क मागता येते. काडेपेटीच्या जुन्या कारखान्याने ज्या गावाला कामगारांचे गाव केले, तेथील जुनी कारखानदारी ओसरली आणि तिच्या जागी इमारती आल्या. बदलापूर २००१ मध्ये लाखाच्या आत होते, दहा वर्षांत ते पावणेदोन लाखांकडे गेले. मुंबई-ठाण्यात घर न परवडणारा कारकून, शिपाई, परिचारिका तेथे राहायला गेली आणि आजही जात आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी धरली ती २०११ ची लोकसंख्या. म्हणजे २०११ नंतर बदलापुरात आलेला प्रत्येक माणूस पाणी पितो, कचरा टाकतो, रस्ता वापरतो, कर भरतो. केवळ अनुदानाच्या हिशेबात तो जन्माला यायचा आहे.

आणि पाणी? उल्हास नदीच्या काठच्या उल्हासनगरला स्वतःचा जलस्रोत नाही. महानगरपालिका पाणी विकत घेते ते औद्योगिक विकास महामंडळाकडून. अंबरनाथ-बदलापूरला पाणी देते जीवन प्राधिकरण, आणि बिलही तेच पाठवते. त्यामुळे नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात नागरिकाच्या सर्वांत मोठ्या तक्रारीला जवळपास जागाच नाही. नगरसेवकाला विचारावे तर तो प्राधिकरणाकडे बोट दाखवतो. प्राधिकरणाला मतदार नाही. ज्या वहीत प्रश्न आहे तिथे लोक नाहीत, आणि ज्या वहीवर लोकांचा हक्क आहे तिथे तो प्रश्न नाही.

शिलकेचे कोडे

इतके सारे असूनही अंदाजपत्रक ‘शिलकी’ कसे असते? याचे उत्तर वहीच्या रकान्यांत आहे. प्रत्येक बाबीपुढे साधारणतः तीन प्रकारचे आकडे असतात: मागील पूर्ण वर्षात प्रत्यक्ष झालेली जमा वा खर्च, चालू वर्षाचा मूळ व सुधारित अंदाज, आणि पुढील वर्षाचा अंदाज. वृत्तपत्रे केवळ शेवटचा रकाना छापतात. सत्य मात्र पहिल्यात असते.

समजा, एखाद्या नाल्याच्या बांधकामासाठी मूळ अंदाजात १ कोटी रुपये दाखवले. त्या आकड्यावर सभेत टाळ्या पडल्या. वर्षअखेरीस सुधारित अंदाजात ते ४० लाख झाले, आणि दोन वर्षांनी ‘प्रत्यक्ष’ च्या रकान्यात १२ लाख आले. तोवर पुढच्या अंदाजपत्रकात पुन्हा १ कोटी छापलेले असतात. नाला होता तेथेच असतो. याला कोणी खोटे म्हणू शकत नाही, कारण अंदाज हा अंदाजच असतो. परंतु हा अंदाज चुकतो तो नेहमी एकाच दिशेने: जमेची बाजू फुगते, कारण येऊ घातलेली सरकारी अनुदाने पूर्ण धरली जातात; आस्थापना, वीज, कचरा-वाहतुकीचे ठेके हे खर्च टळत नाहीत; मग कात्री लागते ती ज्याचा ठेकेदार दारात उभा नाही आणि ज्याचा मतदार संघटित नाही अशा कामाला. आरंभीच्या शिलकेतही विशिष्ट कामासाठी आलेली पण न खर्चलेली अनुदाने मिसळलेली असतात. ती शिल्लक म्हणजे बचत नव्हे. न केलेल्या कामाची ती पावती असते.

या कात्रीची किंमत पैशांत मोजता येत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात बदलापूरने जे पाहिले, ते विसरण्याजोगे नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा त्याची आठवण साऱ्या देशाला झाली. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि राहती माणसे मेली. धोकादायक इमारतींची संरचनात्मक तपासणी, नाल्यांचे पात्र मोकळे ठेवणे, वालधुनीत सांडपाणी सोडले जाण्यावर देखरेख, ही सारी रुक्ष, उद्घाटनाची फीत नसलेली कामे आहेत. अंदाजपत्रकात ती असतात ती एका ओळीत. ती ओळ कुणी वाचत नाही, म्हणून ती सर्वांत आधी कापली जाते.

मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच

अंदाजपत्रकाच्या पद्धतीचा गाभा एका साध्या तत्त्वात आहे: जो खर्च करणार आहे त्याने मागावे, आणि ज्यांचा पैसा आहे त्यांच्या प्रतिनिधींनी द्यावे. इंग्लंडच्या पार्लमेंटने राजाशी शतकानुशतके झगडून हे तत्त्व मिळवले. महाराष्ट्रात अलीकडे ते कोणताही झगडा न होता बाजूला ठेवले गेले.

अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० साली संपली. साथीच्या कारणाने निवडणुका लांबल्या. पुढे इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे खटले आले. निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात २०२१-२२ पासून २०२५-२६ पर्यंत सलग पाच वर्षांची अंदाजपत्रके प्रशासकांनी मंजूर केली. उल्हासनगर महानगरपालिकेची मुदत एप्रिल २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. ठाणे जिल्हा परिषदेची मुदत जानेवारी २०२३ मध्ये संपली. २०२३-२४ पासून पुढची तीन अंदाजपत्रके तेथेही सभेविना झाली. महानगरपालिकेत आयुक्त हेच प्रशासक आणि जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक. म्हणजे एका खुर्चीत बसून प्रस्ताव मांडायचा आणि त्याच खुर्चीत बसून तो मान्य करायचा. विरोधी मत नोंदवणार कोण? जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्य ज्यांनी निवडायचे, ते मतदारच जिल्ह्यात नाममात्र उरले. शिवाय निवडून आलेली सभा नसलेल्या पंचायत संस्थांना पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान द्यायचे नाही, अशी केंद्राची अट. निवडणूक घेतली नाही सरकारने. निधी बुडाला गावाचा.

काही सुशिक्षित माणसे म्हणतात, ‘बरे झाले, नगरसेवक नव्हते तर कामे तरी झाली.’ या मताला हसून टाळणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक अनुभवातून आलेले आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. निवडलेल्या सभांनी आपला अधिकार कसा वापरला? बहुतेक ठिकाणी अंदाजपत्रकावरची चर्चा प्रभागनिधी किती वाढवून मिळणार, एवढ्यावर येऊन थांबत असे. आयुक्ताच्या कागदात स्थायी समितीने काही कोटी वाढवायचे, महासभेने आणखी काही वाढवायचे. जमेची बाजू तेवढीच, खर्चाची मात्र फुगलेली. सबंध शहराच्या पाण्याचा वा दवाखान्याचा विचार करणारा सदस्य विरळा. आपल्या गल्लीत बाके आणि कमान हवी, असे म्हणणारेच पुष्कळ. हे सारे मान्य. पण निष्काळजी राखणदाराला उत्तर म्हणून घराची किल्ली कुणाच्याही हाती देता येत नाही. नगरसेवकाला पाच वर्षांनी दारात यावेच लागते. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याला कोणत्या दारात गाठायचे?

वेगळी वाट आहे

अंबरनाथ आणि बदलापूर यांनी हा धडा पूर्वीही घेतला आहे. १९८३ साली ही दोन्ही गावे कल्याण महानगरपालिकेत घालण्यात आली आणि १९९२ साली पुन्हा वेगळी झाली. त्या काळात त्यांच्या पैशाचा निर्णय कल्याणला होत असे. वेगळेपण मिळाले, सभा मिळाली. पण निर्णय स्टेशनाच्या जवळ आला म्हणजे तो वस्तीपर्यंत पोचलाच, असे होत नाही.

राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चारही खांबांना स्वतःचे बळ असावे, असा त्यांचा आग्रह होता. आणि बळ म्हणजे काय, हेही त्यांनी अर्थाच्या भाषेत सांगितले. सरकारी व योजनाखर्चाचा एक चतुर्थांश गाव, शहर आणि जिल्ह्याच्या पंचायतींमार्फत व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. अशोक मेहता समितीनेही १९७८ साली पंचायतींना खरी साधने देण्याची शिफारस केली. त्यांना स्वप्नाळू ठरवणाऱ्यांना केरळने १९९६ साली उत्तर दिले. तेथील लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजनेतील ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे सोपवला गेला आणि ग्रामसभांपासून सुरुवात करून योजना वर चढवली गेली. त्यातही दोष निघाले, पक्षीय चढाओढ झाली. पण पैसा आधी आणि उपदेश नंतर, हा क्रम तेथे पाळला गेला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात कामगार पक्षाच्या नगरशासनाने १९८९ पासून वस्ती-वस्तीच्या सभांतून गुंतवणुकीचा अग्रक्रम ठरवला. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्यास सुरुवात केली; रक्कम लहान, कामे किरकोळ, तरीही पायंडा महाराष्ट्राच्या मातीतला. जे पुण्यात होऊ शकते, ते उल्हासनगरच्या कॅम्पात वा बदलापूरच्या वाडीत होऊ नये, असे कोणते शास्त्र सांगते?

‘सामान्य माणसाला अंदाजपत्रक कळत नाही’, हा आक्षेप नेहमीचा आहे. ज्या बाईला तुटपुंज्या पगारात भाडे, किराणा, मुलांची फी, गावाकडची मनीऑर्डर आणि बचत गटाचा हप्ता बसवता येतो, तिला जमा-खर्च कळत नाही असे म्हणणे हा अपमान तर आहेच, शिवाय ते असत्य आहे. तिला कळत नाही ती केवळ वहीची परिभाषा, आणि ती परिभाषा सोपी करून सांगणे हेच कार्यकर्त्याचे काम.

त्यासाठी दिनदर्शिका बदलली पाहिजे. ऑक्टोबरात वस्ती-वस्तीत बसून तीनच कामे ठरवावीत, तीस नकोत. ती लेखी, सह्यांसह, खात्याकडे नोव्हेंबरमध्ये जावीत, कारण त्याच सुमारास खात्यांच्या मागण्या आकार घेतात. मागील वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाचे आकडे मागावेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने अंदाजपत्रकीय तरतुदी आपण होऊन जाहीर करणे प्रत्येक संस्थेवर बंधनकारक आहे. जानेवारीत स्थायी वा वित्त समितीच्या सदस्याला भेटून ते आकडे त्याच्यापुढे ठेवावेत. २० फेब्रुवारीपूर्वी करदराविषयी, फेब्रुवारीअखेरीपूर्वी नगरपरिषदेच्या खर्चाविषयी, २७ मार्चपूर्वी जिल्हा परिषदेविषयी बोलावे. महिला, मागासवर्गीय आणि दिव्यांग यांच्या राखीव निधीचा हिशेब दर तीन महिन्यांनी फळ्यावर लिहून चौकात लावावा. क्षेत्रसभेची मागणी प्रत्येक निवेदनाच्या अखेरीस असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा जमावे, तेव्हा पहिला प्रश्न ‘किती मंजूर झाले’ हा नसावा, ‘किती खर्च झाले आणि कोठे’ हा असावा.

मृणाल गोरे यांना गोरेगावच्या लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते केवळ मोर्च्यांमुळे नव्हे. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेत निवडून गेल्या. रस्त्यावरचा हंडा आणि सभागृहातला प्रश्न ही त्यांच्या राजकारणाची दोन्ही हातांतली साधने होती. पुढल्या काळात चळवळीच्या एका हातात हंडा राहिला. दुसऱ्या हातातली वही मात्र कधी गळून पडली, ते कळलेही नाही.

हंडा रिकामा का आहे, याचे उत्तर त्या वहीत आहे. मे महिन्याचा मोर्चा निघायलाच हवा. पण त्याच्या अग्रभागी चालणाऱ्या बाईच्या हाती हंड्याबरोबर मागील वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाचा कागदही असला, तर ‘तरतूद नाही’ हे वाक्य उच्चारणे अधिकाऱ्याला अवघड जाईल. ‘तरतूद होती, ती कोणी आणि कोठे वळवली?’ असे तिने विचारले, की त्या शहराच्या पैशावर लोकांचा अधिकार सुरू झाला असे समजावे.